तीन आठवडे सगळं छान, चौथ्यात भांडणं: शेल्टरमधली कुत्री आणि घरातले जुने मेंबर

जिलबीला घरी आणून बाविसावा दिवस. सकाळी साडेसातला दुधाची पिशवी घ्यायला मी दार उघडलं आणि मागे पॅसेजमध्ये मोत्या आणि ती एकमेकांवर तुटून पडली. आवाज असा की वरच्या मजल्यावरचे काका अनवाणी खाली आले. रक्त कुठेच नव्हतं. मोत्याच्या कानावर लाळ, भिंतीवर नखांचे दोन ओरखडे आणि माझ्या गुडघ्यांना कापरं, एवढंच. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी दोनदा. चौथ्या दिवशी मी शेल्टरला फोन लावला आणि म्हणाले, "अहो, तीन आठवडे इतकी गुणी होती हो!" पलीकडच्या बाई हसल्या. हे वाक्य त्यांना पाठ झालंय म्हणे, आणि परत येणारी बरीच कुत्री याच सुमाराला परत येतात.

पहिल्या दोन-तीन दिवसांत काय करायचं ते कोणीही सांगतं. आता जमलं म्हणून आपण निवांत होतो तेव्हा जे बिघडतं, आणि सारवासारव केली तरी आठवड्याभरात परत डोकं वर काढतं, त्याबद्दल लिहितेय.

आधी आमचं बिऱ्हाड. पुण्यात दुसऱ्या मजल्यावर दोन बेडरूमचा फ्लॅट. नवरा, मी आणि सासूबाई (पुढे ज्या 'आई' येतात त्या याच). मोत्या, नऊ वर्षांचा लॅब्रॅडॉर, वजन ३८ किलो, स्वभावाने गरीब. मनी, सहा वर्षांची मांजर, खरी घरमालकीण. (मोत्या आणि मनी ही नावं पहिलीच्या पुस्तकातून उचलल्यासारखी आहेत हे आम्हालाही कळतं. सासऱ्यांनी ठेवली होती, त्यांच्यापुढे कोण बोलणार.) आणि जिलबी, अंदाजे अडीच वर्षांची देशी कुत्री, रंग तांबूस, एका कानाला नसबंदीची खाच आणि शेपटीचं असं वेटोळं की नाव शोधावंच लागलं नाही. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आली. भांडणं सुरू झाली तेव्हा पाऊस लागलेला होता आणि फिरायला जाणं निम्म्यावर आलं होतं. हा तपशील तेव्हा कोणाच्या लक्षात आला नाही.

तीन आठवड्यांनीच का

शेल्टरमधून आलेलं कुत्रं पहिले काही दिवस गुणी नसतं, गोठलेलं असतं. कोपरा धरून बसतं, अर्धवट खातं, कोणी अंगावरून गेलं तरी हूं की चूं करत नाही. आपण त्याला समजूतदारपणा समजतो आणि नातेवाइकांना फोटो पाठवतो. जिलबी पहिले चार दिवस तिच्या वेगळ्या खोलीतल्या टेबलखाली होती. पाचव्या दिवशी तिने शेपूट हलवली तर आईंनी साखर वाटायची बाकी ठेवली होती.

हळूहळू घराचं वेळापत्रक तिला कळतं. कुकरची तिसरी शिट्टी म्हणजे काय, कोणाच्या हातून काय सुटतं, कुठल्या खुर्चीवर दुपारचं ऊन येतं. एकदा हे कळलं की 'यातलं थोडं माझंही' असं वाटू लागतं, आणि हक्क आला की वाद आलाच. तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा एक ठोकताळा कुत्री दत्तक देणारे सांगतात: तीन दिवसांत भीती उतरू लागते, तीन आठवड्यांत घर कळतं, तीन महिन्यांत घर आपलं वाटतं. ठोकताळाच आहे तो, पंचांग नव्हे. जिलबीला सहा महिने लागले.

मोत्याच्या बाजूनेही बघा. पाहुणी म्हणून त्याने तीन आठवडे निभावून नेलं. पाहुणी मुक्काम हलवत नाही हे त्यालाही तेव्हाच उमगलं असणार.

आम्ही केलेल्या दोन चुका

पहिली: गुरगुरलं की ओरडायचं. मोत्या गुरगुरला की नवरा "मोत्या, नो!" म्हणून दरडावायचा. दोन दिवसांत गुरगुरणं बंद झालं आणि आम्ही खूश. तिसऱ्या दिवशी मोत्याने न गुरगुरता थेट दात लावले. गुरगुर म्हणजे स्कूटरचा हॉर्न आहे. हॉर्न काढून टाकला म्हणून स्कूटर थांबत नाही, ती न वाजवता येऊन धडकते. तेव्हापासून घरात नियम असा की कोणीही गुरगुरलं तर आपण शांतपणे दुसऱ्याला तिथून हाक मारून बाजूला घ्यायचं. शिक्षा कोणालाच नाही.

दुसरी चूक आमच्या सोसायटीतल्या एका अनुभवी श्वानपालकाच्या सल्ल्याची: "त्यांचं त्यांना ठरवू द्या, एकदा बॉस कोण ते ठरलं की शांत." असं काही ठरत नाही. प्रत्येक भांडणात दोघंही एवढंच शिकतात की समोरचा धोक्याचा आहे आणि भांडून सुटका होते. पुढचं भांडण आधीच्यापेक्षा लवकर पेटतं. आमची पहिली चार भांडणं तीन दिवसांत झाली ती याच सल्ल्याच्या जिवावर.

आधी अंग तपासा, मग स्वभाव

भांडणाचं मूळ मी जिलबीत शोधत होते. नवी तीच ना. आमच्या डॉक्टरांनी मात्र मोत्याला टेबलावर घेतलं, मागचे पाय मागे ओढून पाहिले, आणि मोत्याने आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्याकडे वळून ओठ वर केले. एक्स-रेत दोन्ही खुब्यांच्या सांध्यांची झीज दिसली. नऊ वर्षांचा, वजनदार लॅब्रॅडॉर, घरभर गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल्स. पॅसेजमध्ये जिलबी त्याला घासून पुढे जायची, त्याचा मागचा पाय सरकायचा, कळ यायची, आणि कळ आली त्या क्षणी समोर जिलबी दिसायची. त्याने दोन आणि दोन चार केले.

घरात आधीचा कुत्रा सहा-सात वर्षांच्या पुढचा असेल आणि नवीन आल्यावर तो चिडका झाला असेल, तर प्रशिक्षकाला फोन करण्याआधी त्याचे सांधे, दात, कान आणि डोळे तपासून घ्या. दुखणं लपवण्यात कुत्रा पटाईत. लंगडत नाही म्हणजे दुखत नाही, असं नसतं. आपल्या घरातल्या वेदनाशामक गोळ्या मात्र चुकूनही देऊ नका. आयब्युप्रोफेनने कुत्र्याच्या पोटाला आणि मूत्रपिंडाला इजा होते, आणि पॅरासिटॅमॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते.

मोत्याला औषध सुरू झालं, जेवण मोजून द्यायला लागलो (चार महिन्यांत ३८ वरून ३४ किलो), आणि पॅसेजपासून बाल्कनीपर्यंत जुने योगा मॅट अंथरले. घर जरा कसरतीच्या आखाड्यासारखं दिसतं. पंधरा दिवसांत निम्मी भांडणं गेली. निम्मी उरली.

वही

उरलेल्या निम्म्यांसाठी फ्रिजवर शाळेची दोनशे पानी वही टांगली. प्रत्येक वेळी फक्त चार गोष्टी लिहायच्या: वेळ, जागा, त्याआधी अर्ध्या मिनिटात काय झालं, आणि घरात कोण कुठे होतं. 'जिलबी आज आगाऊपणा करत होती' असलं काही लिहायला बंदी. भांडणच नव्हे, तर ताठ उभं राहणं, एकटक बघणं, डोळ्याचा पांढरा भाग दिसणं, खायला काही नसताना ओठ चाटणं, खाता खाता एकदम थिजणं, हेही टिपायचं. खरं भांडण होण्याआधी यातलं दोन-तीन वेळा होऊन गेलेलं असतं, आपण मोबाईलमध्ये असतो इतकंच.

दोन आठवड्यांत चौदा नोंदी झाल्या. मला वाटत होतं की ही दोघं दिवसभर एकमेकांच्या राशीला आहेत. वहीत दिसलं की चौदाही प्रसंग घरातल्या चारच जागी झाले होते: मुख्य दार, चपलांच्या रॅकची जागा, स्वयंपाकघराचा उंबरा आणि सोफ्याचं माझ्या डाव्या हाताचं टोक. बाकी पूर्ण घरात, पूर्ण दिवस, शांतता. यानंतर मी स्वभाव सुधारायचा नाद सोडला आणि या चार जागांच्या मागे लागले.

*मुख्य दार.* बेल वाजली की दोघंही दाराकडे धावणार. पॅसेज तीन फुटांचा. पुढे पोचता येत नाही तो मागून पुढच्याला धरतो, म्हणजे रागाचं कारण बाहेरचा माणूस आणि मार घरातल्याला. उपाय: बेल वाजली की आपापल्या गोधडीवर जायचं आणि तिथे उकडलेल्या चिकनचा तुकडा मिळायचा. शिकवायला महिना लागला. नवरा संध्याकाळी घरी येताना मुद्दाम चार वेळा बेल वाजवायचा, दार उघडायचंच नाही, आत मी तुकडे वाटायचे. तोपर्यंत दूधवाल्या दादांना बेल न वाजवता पिशवी कडीला अडकवायला सांगितलं. निम्मं यश त्या कडीचं आहे.

*चपलांचं रॅक.* फिरून आल्यावर पट्टे सोडताना दोघं उत्तेजित, ओली, आणि जागा एका माणसाला वळण्यापुरती. आता एक आधी वर येतो, त्याचे पाय पुसून तो आत गेला की खालून दुसरी. पाच मिनिटांचा प्रश्न होता.

*सोफा.* जिलबी माझ्या शेजारी असताना मोत्या जवळ आला की ती थिजायची. इथे राखण सोफ्याची नसते, आपली असते. मी काय करायचे तर "अगं, दादा आहे तो" म्हणत तिलाच कुरवाळायचे, म्हणजे ताठ होण्याचं बक्षीस. आता ती थिजली की मी उठून उभी राहते आणि पाणी प्यायला जाते. ज्याच्यावरून भांडायचं तेच निघून गेलं. आठ-दहा दिवसांत तिला हिशोब कळला.

*उंबरा.* यावर जरा थांबते, कारण सर्वांत जास्त, चौदापैकी सहा नोंदी इथल्या, आणि सहाही सकाळी अकरा ते साडेअकरा.

आमच्याकडे आई पोळ्या करतात. पहिली गायीची, शेवटची कुत्र्याची, ही त्यांची आयुष्यभराची रीत. मोत्या नऊ वर्षं त्या शेवटच्या पोळीसाठी उंबऱ्यावर बसत आला. जिलबी आल्यावर आई पोळीचे दोन भाग करून दोघांपुढे टाकू लागल्या, न्याय म्हणून. पण पोळी हवेतून येते, कुठे पडेल सांगता येत नाही, आणि शेल्टरमध्ये एका घमेल्यात सात-आठ जणांबरोबर खाल्लेल्या कुत्रीला जमिनीवर पडलेला तुकडा म्हणजे ज्याच्या तोंडात त्याचा. मी आधी आईंना पोळी बंद करायला सांगितलं. त्यांनी "बरं" म्हटलं आणि माझी पाठ वळली की टाकत राहिल्या. रागावून उपयोग नव्हता. मुक्या जनावराच्या तोंडचा घास काढणं त्यांना पाप वाटत होतं, आणि त्यांच्या जागी मी असते तर मलाही वाटलं असतं.

म्हणून पोळी ठेवली, जागा बदलली. शेवटची पोळी तव्यावर पडली की मोत्या बेडरूममध्ये त्याच्या गोधडीवर, जिलबी बाल्कनीच्या जाळीच्या दाराआड. आई स्वतः उठून आधी मोत्याला आणि मग जिलबीला ताटलीत, हाताने नेऊन देतात. ताटल्या उचलल्यावर पाच मिनिटांनी दारं उघडायची. दोघंही आता पोळीच्या वेळी उंबऱ्याकडे फिरकत नाहीत, आपापल्या जागी जाऊन बसतात. त्या दिवसापासून उंबऱ्यावरची एकही नोंद नाही. घरात सगळ्यांशी बोलून नियम ठरवा, एवढं म्हणणं सोपं आहे. ज्याचा हात सगळ्यांत प्रेमळ त्याच्याकडून भांडणाला सगळ्यांत जास्त खतपाणी मिळतं आणि त्यालाच सांगणं सगळ्यांत अवघड जातं, हे मात्र खरं.

जेवणही तसंच, कायम वेगळ्या खोलीत, दार लावून. खेळणी आणि चघळायची हाडं फक्त वेगळं असताना. पाण्याची भांडी मात्र घरात तीन ठिकाणी.

पुन्हा पहिल्यापासून ओळख

वही सुरू करण्याच्या आधीचे पाच दिवस दोघांना पूर्ण वेगळं ठेवलं होतं. एकदा भांडणांचा सपाटा सुरू झाला की 'आज बरं दिसतंय, सोडून बघू' हा मोह आवरा. मधल्या काळात गोधड्यांची अदलाबदल केली, म्हणजे वास घरात फिरता राहतो.

मग एकत्र फिरणं, पण समोरासमोर नव्हे. एक कुत्रा माझ्याकडे, एक नवऱ्याकडे, रस्त्याच्या दोन कडांनी एकाच दिशेने चालायचं. कोणी दुसऱ्याकडे बघून परत आपल्याकडे बघितलं की तुकडा. अंतर दर दिवशी थोडं कमी. सातव्या दिवशी दोघं खांद्याला खांदा लावून एकाच खांबाचा वास घेत होती. आपल्याकडे यात अडचण गल्लीतल्या कुत्र्यांची असते. दर पन्नास पावलांवर कोणाची तरी हद्द. आम्ही पहाटे साडेपाचला सोसायटीच्या पार्किंगमध्ये फेऱ्या मारल्या, वॉचमन काकांना आमच्या डोक्यावर परिणाम झालाय असं वाटलं. पाऊस असला तरी ते पार्किंग कोरडं, हा फायदा आम्हाला जुलैच्या शेवटी सुचला. फिरणं पूर्ववत झालं तशी जिलबीची घरातली तगमगही उतरली.

नवीन कुत्र्याला पहिले काही महिने हार्नेस (छातीभोवती बसणारा पट्टा) आणि गळ्यातला पट्टा दोन्ही घाला आणि दोन्हीला दोरी लावा. फटाका किंवा टेम्पोचा भोंगा वाजला की रस्त्यावर वाढलेलं कुत्रं मागे सरून पट्ट्यातून मान काढून घेतं, आणि ज्याला अजून आपलं घर माहीत नाही ते परत येत नाही.

मनीचं काय

कुत्रा-कुत्रा भांडणात निदान आवाज होतो. मनीचा प्रश्न आवाज न करता वाढला. एके दिवशी आमच्या गादीवर शू. मग दर दोन-तीन दिवसांनी. सगळे म्हणाले, मनी सूड उगवतेय. मांजर असले हिशोब मांडत नाही. तिचा मातीचा डबा बाल्कनीत होता आणि बाल्कनीच्या वाटेवर जिलबीचं अंथरूण. तिला शूला जायचं तर शत्रूच्या छावणीतून जावं लागत होतं. डबा बाथरूममध्ये हलवला, दुसरा एक आईंच्या खोलीत ठेवला (मांजरं जितकी त्याहून एक डबा जास्त, हे माप चांगलं), आणि गादी चार दिवसांत सुटली. मांजर मात्र वारंवार डब्यात बसून कुंथत असेल आणि लघवी होत नसेल, विशेषतः बोका असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर. लघवी तुंबली तर एक-दोन दिवसांत जिवावर बेततं.

मनीला वरची वाट करून दिली. कपाट, त्यावरून माळा, माळ्यावरून खिडकीवरची फळी. जमिनीला पाय न लावता ती हॉल पार करू शकते. जेवणही वर. मांजराचं खाणं कुत्र्याला पक्वान्न वाटतं, खाली ठेवलं तर तिथे पाचवी जागा तयार होईल.

जिलबीसाठी घरातसुद्धा हार्नेसला हलकी दोरी, मागे फरफटत राहणारी. तिचा हातात धरायचा फास कापून टाकला, नाहीतर खुर्चीच्या पायात अडकतो. दोरी फक्त आपण घरी जागे असताना. पाठलाग सुरू झाल्यावर थांबवणं जवळजवळ अशक्य, त्याआधीची टक थांबवायची. मान खाली, कान पुढे, शरीर ताणलेलं, डोळे मनीवर खिळलेले. त्या क्षणी नाव घेऊन तुकडा दाखवायचा. मान वळली की द्यायचा. नाही वळली तर अंतर कमी आहे, दोरी धरून दोन पावलं मागे. भुंकत, नाचत मागे धावणारं कुत्रं बहुतेक वेळा शिकतं. आवाज न करता दबा धरणारं, मांजर नजरेआड झाल्यावरही तासभर त्याच दाराकडे बघत राहणारं कुत्रं असेल, तर शेल्टरशी स्पष्ट बोला. अशा दोघांना आयुष्यभर बंद दारानेच वेगळं ठेवावं लागू शकतं.

फिनेल आणि गोचिडीचं औषध, दोन्हींत जपायचं ते मनीसाठी

जिलबी सिमेंटच्या फरशीवर शू करायला शिकलेली. आमच्या टाइल्स आणि ती फरशी यात तिला फरक दिसेना. झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळल्यावर आणि मधल्या वेळात दर दोन तासांनी खाली नेणं, एवढाच उपाय. आत झालं तर काही बोलायचं नाही. इथेही परत परत त्याच जागी होत असेल तर वास राहिलाय. आपण सवयीने फिनेल मारतो. फिनेलमधले फिनॉल जातीचे पदार्थ मांजराच्या यकृताला पचवता येत नाहीत, आणि मांजर तर ओल्या फरशीवर चालून पंजे चाटणार. पाण्यात टाकल्यावर दुधाळ होणारी बरीच जंतुनाशकं याच घराण्यातली. कुत्र्या-मांजरांच्या लघवीसाठी एन्झाइमवाला क्लीनर मिळतो, तो वापरा. अमोनियाचा वास असलेलं काहीही नको, कुत्र्याला तो लघवीसारखाच वाटतो.

गोचीड शेल्टरमधून येतेच, असं धरून चाला. मादी भिंतीच्या फटीत, दाराच्या चौकटीत हजारो अंडी घालते, त्यामुळे कुत्रं एकदा साफ केलं तरी महिन्याने परत दिसते. पण औषध घेताना दुकानदाराला नव्हे, डॉक्टरांना 'घरात मांजर आहे' हे सांगून घ्या. कुत्र्यांच्या काही थेंबांच्या औषधांत पर्मेथ्रिन हे कीटकनाशक असतं. कुत्र्याला ते चालतं, मांजराला झटके येऊन जीव जाऊ शकतो, कुत्र्याला बिलगून झोपली किंवा त्याचं अंग चाटलं तरीही. आम्हाला डॉक्टरांनी जिलबीसाठी खायची गोळी दिली. आणि जुन्या कुत्र्याचं लसीकरण पूर्ण असलं तरी नवीन जनावर पहिले दोन आठवडे वेगळ्या खोलीत, वेगळ्या भांड्यांत ठेवा. पार्वो, डिस्टेंपर, श्वानखोकला या संसर्गजन्य आजारांची लक्षणं यायला वेळ लागतो. हे आम्ही केलं होतं, आमचं एवढं एकच काम पहिल्यापासून नीट झालं.

पेटलंच तर

हात मध्ये घालू नका. मान पकडायला तर नाहीच. मी पहिल्या दिवशी तेच केलं होतं, नशीब बलवत्तर. आता पॅसेजमध्ये प्लायवूडचा एक तुकडा उभा ठेवलाय, तो मध्ये सरकवायचा. तो हाताशी नसेल तर खुर्ची, जाड पांघरूण, किंवा स्टीलचं ताट जमिनीवर आपटायचं. सुटल्या सुटल्या दोन खोल्यांत, आणि त्या दिवसापुरतं एकत्र आणायचं नाही. त्वचेला दात लागला असेल तर केस बाजूला सारून शोधा, बारीक छिद्राखाली जखम खोल असते. माणसाला लागला तर घरचाच कुत्रा म्हणून सोडून देऊ नका. वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जाऊन रेबीजच्या लसीचं विचारा.

भांडणात दर वेळी रक्त येत असेल, किंवा वहीत जागा-वेळ काहीच जुळत नसेल, तर प्राण्यांच्या वर्तनाचं काम करणारा माणूस घरी बोलवा. पट्टा हिसकून, विजेचा झटका देऊन किंवा उलटं पाडून 'शिस्त' लावणारा असेल तर दारातूनच चहा पाजून पाठवा. आणि सगळं करूनही दोघांपैकी एकाला सतत भीतीत जगावं लागत असेल तर शेल्टरला दुसरं घर शोधायला सांगण्यात कमीपणा नाही. आमच्यावर ती वेळ आली नाही, पण आठव्या आठवड्यात मी तो फोन लावायला घेतला होता.

गणपतीत वही परत काढावी लागली. घरात माणसं, ढोल, आणि दार सतत उघडं. दीड दिवसांत तीन नोंदी. तिसरी मोदकावरून. सारणात बेदाणे होते, आणि द्राक्षं-बेदाण्यांनी कुत्र्याचं मूत्रपिंड निकामी होऊ शकतं, म्हणून त्या मोदकामागे मीच जास्त पळाले. यंदा पाहुणे असतील तेव्हा दोघं आळीपाळीने आईंच्या खोलीत, दाराला आतून कडी.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही: लिफ्ट. चार फूट बाय चार फूट, आणि दार उघडताना बाहेर कोणीही असू शकतं. मोत्याला जिना चढवत नाही, जिलबी लिफ्टमध्ये भिंतीला चिकटून थरथरते. सध्या मोत्या लिफ्टने, ती जिन्याने, आणि खाली पोचल्यावर दोघं एकमेकांचं तोंड हुंगतात. वहीत ही नोंद कुठल्या रकान्यात घालायची कळलं नाही म्हणून मागच्या कव्हरवर लिहिली आहे.